तळटीप कोण वाचतो?

संक्रांत जवळ आली की मोबाइलवर एक मेसेज हटकून येतो. पतंग उडवायला सरकारी परवाना लागतो, नाहीतर थेट तुरुंग! खाली 1934 च्या विमान कायद्याचा दाखला. दाखला अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या कायद्यात विमान म्हणजे काय हे सांगताना फुगे आणि ग्लायडर यांच्या पंगतीत पतंगही बसवला होता. पण म्हणून गच्चीवर ‘काटली रे’ ओरडणाऱ्या पोराला पकडायला कुणी आल्याचं ऐकिवात नाही. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून तो कायदाच गेला. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. मेसेज मात्र 1934 लाच चिकटून आहे. यातली खरी गंमत अशी की, पतंगाबाबत जी बंदी खरोखर लागू आहे, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर घातलेली नायलॉन मांजावरची, तिचा मेसेज कुणी इतक्या हौसेने पुढे ढकलत नाही.

असाच दुसरा लाडका कायदा 1878 चा, गुप्तधनाचा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. हा मात्र आजही लागू आहे, दहा रुपयांच्या मर्यादेसकट. चहा आणि वडापाव एवढ्यात येत नाही, पण गुप्तधनाची किंमत मोजायला तेवढी रक्कम पुरते.

अशा विचित्र कायद्यांच्या याद्या वाचून हसायला काहीच हरकत नाही. माझी तक्रार एवढीच की, आपण हसून मोकळे होतो आणि विक्षिप्त कायदा म्हणजे पतंग, गुप्तधन असलं काहीतरी, असं धरून चालतो. एखादं कलम विचित्र आहे की नाही याने सामान्य माणसाचं फारसं बिघडत नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला ते लागू आहे असं वाटतं का, आणि अलीकडे उभा असलेल्याला नक्की ठाऊक आहे का, यावर सगळं ठरतं. कायदा जिवंत आहे की मेलेला, हे राजपत्र ठरवतं असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ते पोलीस ठाण्यात, इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर आणि लॉजच्या काउंटरवर ठरतं.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 66-अ ची गोष्ट या बाबतीत सगळ्यात बोलकी आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच घरातली आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्यावरून देशभर गदारोळ उठला, श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने 66-अ संपूर्ण घटनाबाह्य ठरवलं. कलम संपलं. निदान आपल्याला तसं वाटलं.

पुढे सहा वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, एका नागरी हक्क संघटनेने त्याच न्यायालयासमोर आकडे ठेवले: त्या वर्षीच्या मार्चमध्ये 11 राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या मेलेल्या कलमाखालचे 745 खटले पडून होते. निकालाच्या आधीचे तर होतेच, पण निकालानंतरही नवे गुन्हे नोंदवले जात होते, आणि त्यात आपलं महाराष्ट्र मागे नव्हतं. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाला धक्का बसला आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. त्यावर तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी दिलेलं स्पष्टीकरण चौकटीत लावून ठेवावं असं आहे. कायद्याच्या छापील पुस्तकात 66-अ अजूनही जसंच्या तसं दिसतं; न्यायालयाने ते रद्द केल्याचं फक्त खाली तळटिपेत असतं. गुन्हा नोंदवणारा पोलीस कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.

हे ऐकून हसू येतं, पण ते पूर्ण खरं आहे. न्यायालय एखादं कलम रद्द करतं तेव्हा ते पुस्तकातून पुसलं जात नाही. ते काम संसदेचं किंवा विधिमंडळाचं. ते होईपर्यंत मजकूर तिथेच असतो, ठळक अक्षरांत, आणि त्याचं मरण बारीक टाइपात. भारतीय दंड संहितेतलं कलम 303 पाहा. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, असं ते सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ते रद्द केलं. त्यानंतर जुलै 2024 मध्ये नवी संहिता येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते प्रत्येक आवृत्तीत छापलं जात राहिलं. कायद्याची मुलं ते पुस्तक विकत घेत राहिली.

आणि 66-अ च्या बाबतीत न्यायालयाने काही केलं नव्हतं असंही नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये निकालाच्या प्रती सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांमार्फत पोलिसांपर्यंत पोहोचवा, असा आदेश निघाला होता. जुलै 2021 मध्ये केंद्रीय गृह खात्याने राज्यांना पत्र लिहिलं. शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला पुन्हा एकदा स्पष्ट सांगावं लागलं की, या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. एक कलम मारायला एक निकाल लागला. ते मेलंय हे पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचवायला त्यापुढची साडेसात वर्षं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: असे गुन्हे शेवटी न्यायालयात टिकत नाहीत, मग एवढा बाऊ कशाला? टिकत नाहीत हे खरं आहे. पण ज्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला त्याचा पासपोर्ट अडतो, नोकरीतली चारित्र्य पडताळणी अडते, वकिलाची फी त्याला भरावी लागते, तालुक्याच्या गावी तारखांना जावं लागतं. आणि गुन्हा नोंदवण्याआधीची पायरी आपण सोयीस्करपणे विसरतो. ‘सहासष्ट-अ लावू का?’ एवढं विचारलं की पोस्ट डिलीट होते, माफी मागितली जाते. त्यासाठी न्यायालयापर्यंत जायची गरजच पडत नाही. कायद्याचा बराचसा अंमल असा, कागद न काळवंडता होतो. आणि तिथे मेलेलं कलम जिवंत कलमाइतकंच काम करतं.

आता ज्या कायद्याबद्दल माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान झालं आहे, त्याकडे येतो. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे, असं आजही घरोघरी मानलं जातं. दंड संहितेत तसं कलम 309 होतं, एक वर्षापर्यंत कैद. ते चूक आहे असं सर्वात आधी ठणकावून सांगणाऱ्यांत आपलं मुंबई उच्च न्यायालय होतं. प्रकरण मुंबईतल्या एका पोलीस शिपायाचं होतं. अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्याचं मन ताळ्यावर नव्हतं. बायकोला भाजीचा ठेला लावायला परवानगी मिळेना, म्हणून त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर अंगावर रॉकेल ओतून घेण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थेने त्यावर काढलेला तोडगा असा की, त्याच्यावरच गुन्हा दाखल करायचा. 1986 मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालाने कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेचा निकाल दिला आणि 1996 मध्ये मोठ्या पीठाने तो फिरवून कलमाला पुन्हा प्राण दिले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, त्यात 309 नाहीच. एखाद्या सरकारी सेवकावर दबाव आणायला असा प्रयत्न करणं, एवढाच वेगळा गुन्हा ठेवला आहे.

म्हणजे मेलं, उठलं, अर्धमेलं झालं आणि मग गेलं. हा प्रवास वकिलालाही तारखांसह सांगता येणार नाही, तर कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाला कुठून ठाऊक असणार? विषारी औषध पोटात गेलेल्या माणसाला दवाखान्यात आणतात तेव्हा सोबतची माणसं पहिल्यांदा काय सांगतात, ते ग्रामीण रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. ‘फवारताना चढलं.’ ‘पाण्याची बाटली समजून चुकून प्यायला.’ औषध कोणतं, किती, किती वाजता, ही उपचारासाठी सगळ्यात मोलाची माहिती. पण ती सांगितली तर केस होईल या भीतीने ती दडवली जाते. लाजही असतेच, नाही असं नाही. पण लाजेला कायद्याचा टेकू मिळाला की ती हलत नाही. पोलिसांना कळवण्याची आणि जबाबाची रीत अजून चालू आहे, त्यामुळे खाटेशेजारी वर्दी दिसते आणि गुन्हा आहे ही समजूत घट्ट होते. त्या वर्दीतल्या माणसाने ‘तुमच्यावर काही गुन्हा नाही, मी फक्त कुणी त्रास दिला का ते विचारायला आलोय’ एवढं एक वाक्य आधी बोललं तर किती फरक पडेल! हे वाक्य बोलणं सक्तीचं करावं असं माझं मत आहे.

आतापर्यंत मेलेल्या कायद्यांबद्दल बोललो. जो कधी जन्मालाच आला नाही त्याचं काय? लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने लॉजवर एकत्र राहणं बेकायदा आहे, हा असाच एक कायदा. तो कुठल्याही पुस्तकात नाही. तरीही काउंटरवर ‘लोकल आयडी चालणार नाही’ आणि ‘मॅरेज सर्टिफिकेट दाखवा’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात साफ सांगितलं की, अशा दोन सज्ञान व्यक्तींना खोली घेण्यास मनाई करणारा कायदाच नाही. पण त्याआधी, ऑगस्ट 2015 मध्ये, मुंबईत मढ आणि अक्सा परिसरातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून सुमारे 40 जोडप्यांना उचललं होतं. खोल्या बंद होत्या, माणसं सज्ञान होती, आणि कारवाईसाठी काढलेलं कलम होतं महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं 110, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड 1,200 रुपये. घरी फोन करण्याची धमकी मात्र कुठल्याच कलमात बसत नाही, आणि खरा धाक तिचाच असतो. एकदा लोकांना एखादा कायदा आहे असं वाटू लागलं की, त्याच्या अंमलबजावणीसाठी एखादं लांबचं कलम ओढून आणायला वेळ लागत नाही.

आता उलट बाजू. दारूचा परवाना. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे सांगितलं की तिशीतली पोरं हसतात. पण 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे, परवाना अजून आहे. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो आणि हजार रुपयांत तहहयात. 31 डिसेंबरला बारवाल्यांकडे अशा एकदिवसीय परवान्यांचे गठ्ठे असतात आणि हिशेब जुळवायला ते फाडलेही जातात, बहुतेकदा पिणाऱ्याला पत्ता नसताना. मोरारजीभाईंच्या काळातला आदर्शवाद आता एका कागदी कपट्यावर येऊन थांबला आहे. इथे कुणी या कायद्याला मेलेला समजतो, पण तो जिवंत आहे. आणि गरज पडेल तेव्हा, म्हणजे एखाद्यावर दुसरं काहीच लागू होत नाही तेव्हा, तो बाहेर काढता येतो. वापरात नसलेल्या कायद्याने कुणाचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सगळ्यांना लागू असलेला पण कुणालाच न लावलेला कायदा म्हणजे निवडून लावायची सोय.

आणि निवड कुणाची होते, हे 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात दिसतं. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा कसरती करून पैसे घेणं हे त्याच्या व्याख्येत भीक मागणंच आहे. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना फिरत राहणं हेही भीक मागणंच. पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारात येणारा वासुदेव, रस्त्यात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, पोतराज, सगळे यात बसतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं, पुन:पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लावलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं रद्द केली. आपल्याकडे, जिथे तो जन्मला, तिथे तो आहे. सांस्कृतिक खातं लोककलावंतांना मानधन देतं आणि कायद्याच्या व्याख्येत तेच लोक भिकारी ठरतात, यात सरकारला काही विसंगती वाटत नाही.

भटक्या-विमुक्तांना तर दोन्हीकडून मार आहे. ब्रिटिशांनी 1871 पासून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. मुंबई प्रांतात तो कायदा 1949 ला गेला, देशात 31 ऑगस्ट 1952 ला. पण त्याच्या मागोमाग सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आपल्याकडे 1959 मध्ये, आणि गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर, हा अलिखित नियम तसाच राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये, सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधली जातीवर आधारित कलमं रद्द करावी लागली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असं पोलिसांना सांगावं लागलं. कुंपणाची तार काढल्यानंतर सत्तर वर्षांनी.

यावर सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. 2014 पासून केंद्राने दीड हजारांहून जास्त जुने कायदे रद्द केले, आणि हा आकडा भाषणांत ऐकायला मिळतो. पण त्यातला मोठा वाटा खर्चाच्या मंजुरीच्या विनियोजन कायद्यांचा आणि मूळ कायद्यात कधीच मिसळून गेलेल्या सुधारणा कायद्यांचा होता. ती अडगळ काढली हे बरं झालं, पण तिचा त्रास कुणालाच नव्हता. त्रास देणारे कायदे मोजदादीत मावत नाहीत, ते एकेक करून वाचावे लागतात. महाराष्ट्राने 2012 मध्ये जुन्या कायद्यांच्या नावातलं ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातलं. म्हणजे प्रत्येक कायद्याचं पहिलं पान उघडलं गेलं होतं. दुसरं उघडायला काय हरकत होती, हे विधिमंडळात कुणी विचारलं असेल तर ते बाहेर ऐकू आलं नाही. नव्या संहितांनी तर आणखी एक घोळ घातला आहे: खून 302 वरून 103 वर गेला, फसवणूक 420 वरून 318 वर, जमावबंदी 144 वरून 163 वर. वर्तमानपत्रांचे मथळेही अधूनमधून चुकतात. लोकांना कायद्याचे चार आकडे पाठ होते, तेही आता जुने झाले.

इंग्लंडच्या विधी आयोगाने 2013 मध्ये एक छान गोष्ट केली. लोकांमध्ये फिरणाऱ्या विचित्र कायद्यांच्या गोष्टी घेतल्या आणि एकेकीचा निवाडा करून टाकला. नाताळात मिन्स पाय खाणं गुन्हा आहे का? नाही. पार्लमेंटमध्ये मरणं बेकायदा आहे का? असा कायदा सापडत नाही. संशयास्पद परिस्थितीत सॅमन मासा हाताळणं गुन्हा आहे का? आहे, 1986 च्या कायद्याप्रमाणे. छोटीशी पुस्तिका, हसत-खेळत लिहिलेली, पण सरकारी शिक्क्याची.

आपल्या राज्याच्या विधी व न्याय विभागाने असं एक पान मराठीत तयार करावं आणि दर सहा महिन्यांनी दुरुस्त करावं. त्यात पतंगही असू द्या, पण वर 66-अ, 309, लॉजची खोली आणि कलम 110 असू द्या. रद्द झालेलं कलम सरकारी संकेतस्थळावर तळटिपेने नव्हे, तर मजकुरावरच आडवी रेघ मारून दाखवावं. आणि सगळ्यात सोपं काम पोलीस ठाण्याच्या संगणकावर होण्यासारखं आहे. गुन्हे आता तिथेच नोंदवले जातात. मोबाइल नंबरचा एक आकडा कमी टाकला तर सरकारी फॉर्म पुढे सरकत नाही. रद्द झालेलं कलम टाकल्यावर तो अडायला हवा, आणि अडवूनही कुणी हाताने लिहून गुन्हा नोंदवलाच तर त्याचं उत्तर ठाणे अंमलदाराने द्यायला हवं, आरोपीने वकील लावून नव्हे.